आज उधार, उद्याही उधार

व्हेनेझुएलाचे दिवंगत अध्यक्ष ह्युगो चावेझ यांच्या परराष्ट्र धोरणाला सर्वांत मोठं यश मिळालं ते कारकिर्दीच्या पहिल्या दोन वर्षांत, आणि तेव्हा देशाच्या तिजोरीत खडखडाट होता. ही गोष्ट त्यांचे चाहते सांगत नाहीत आणि विरोधकही सांगत नाहीत, कारण दोघांचीही नजर नंतरच्या तमाशावर खिळलेली असते. कुणाला ते साम्राज्यशाहीला तोंडावर सुनावणारे लाल टोपीतले फौजी वाटतात, कुणाला तेलाच्या पैशावर जगभर मिरवणारे वाचाळ हुकूमशहा. दोन्ही चित्रांत त्यांच्या हातात ध्वनिक्षेपक असतोच.

चावेझ काय बोलले याने व्हेनेझुएलाचं फारसं बिघडलं नाही, असं माझं मत आहे. बिघडलं ते पैसा आल्यावर. तेल महागलं तसा परराष्ट्र खात्याचा कारभार सरकारी तेल कंपनीच्या गल्ल्यातून चालू लागला. गल्ल्यात हात घालायची एकदा सवय लागली की मुत्सद्देगिरीचं कंटाळवाणं, कष्टाचं काम करावंसं कुणाला वाटत नाही.

डिसेंबर १९९८ मध्ये चावेझ निवडणूक जिंकले तेव्हा व्हेनेझुएलाच्या तेलाला पिंपामागे दहा डॉलरही मिळत नव्हते. आशियातल्या आर्थिक संकटाने मागणी घटली होती हे खरं, पण भाव पाडण्यात खुद्द व्हेनेझुएलाचाही हात होता. तिथली सरकारी तेल कंपनी, जिला तिकडे सगळे ‘पेदेवेसा’ म्हणतात, नव्वदच्या दशकात ओपेकने, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेने, ठरवलेल्या कोट्याच्या वर बिनदिक्कत तेल काढत होती. भावाचं काहीही होवो, बाजारातला आपला वाटा वाढला पाहिजे, असा तिच्या व्यवस्थापकांचा हिशेब. गंमत अशी की ओपेकची कल्पना पुढे रेटणाऱ्यांत व्हेनेझुएलाचेच तेलमंत्री हुआन पाब्लो पेरेझ अल्फोन्झो आघाडीवर होते. १९६० साली बगदादमध्ये संघटना उभी राहिली ती बरीचशी त्यांच्या खटपटीने. चाळीस वर्षांनी त्यांचाच देश कोटा मोडण्यात पुढे होता.

चावेझ आणि त्यांचे तेलमंत्री अली रॉड्रिगेझ यांनी ही दिशा उलटवली. फेब्रुवारी १९९९ मध्ये शपथविधी झाला आणि पुढच्याच महिन्यात ओपेकने उत्पादनात मोठी कपात ठरवली. या वेळी व्हेनेझुएलाने शब्द पाळला. सगळं श्रेय त्यांना देता येणार नाही. सौदी अरेबिया आणि मेक्सिको यांच्याशी बोलणी आधीच्या सरकारच्या काळात, १९९८ मध्येच सुरू झाली होती, आणि खरं वजन सौदीचंच होतं. पण सौदीने आधी कपात करावी आणि व्हेनेझुएलाने मागच्या दाराने तेल विकावं, हा जो अविश्वास होता तो दूर झाल्याशिवाय कपात टिकली नसती. २००० साली भाव तीस डॉलरच्या आसपास पोचला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चावेझ ओपेकच्या सदस्य देशांच्या दौऱ्यावर निघाले. सप्टेंबरात राजधानी काराकासला शिखर परिषद भरवायची होती आणि तिचं आमंत्रण ते अक्षता घेऊन दारोदार फिरावं तसे स्वतः देत होते. इराकवर निर्बंध होते, म्हणून इराणच्या हद्दीतून जमिनीवरून सीमा ओलांडून ते बगदादला गेले. १९९१ च्या आखाती युद्धानंतर सद्दाम हुसेन यांना भेटायला जाणारे ते पहिलेच निवडून आलेले राष्ट्रप्रमुख. वॉशिंग्टनने नाक मुरडलं, वर्तमानपत्रांना छायाचित्र मिळालं. ज्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही ते काम महिनाभराने झालं. इराणचे अध्यक्ष खातमी, सौदीचे युवराज अब्दुल्ला आणि इराक-कुवेतसारखे हाडवैरी एकाच छताखाली आले. ओपेकच्या राष्ट्रप्रमुखांची ती अवघी दुसरी परिषद. पहिली १९७५ साली अल्जीरियात झाली होती. आपण कोटा पाळायचा, दुसऱ्यांनी पाळावा म्हणून त्यांच्या घरी जायचं, सगळ्यांना सोसेल असा भाव ठरवायचा. या सगळ्याला लागलं विमानाचं इंधन आणि चिकाटी. कुणाला एक पिंप तेल फुकट द्यावं लागलं नाही.

लोकानुनयी नेता म्हणून ज्यांची जगभर ओळख झाली त्यांची ही कामगिरी मुळीच लोकानुनयी नव्हती. कोटा पाळायला आवडतं कुणाला?

नंतर जे घडलं त्याला कारणं होती, आणि ती सगळीच चावेझ यांनी निर्माण केलेली नव्हती. एप्रिल २००२ मध्ये त्यांच्याविरुद्ध बंड झालं. उद्योजकांच्या संघटनेचे प्रमुख पेद्रो कार्मोना दोन दिवसांचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी संसदच बरखास्त करून टाकली. अमेरिकेतल्या बुश सरकारने बंडाचा निषेध करायचं सोडून जे झालं त्याचा दोष चावेझ यांच्यावरच ठेवला. लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी मात्र कोस्टा रिकातल्या बैठकीतून घटनाबाह्य सत्तांतर नाकारलं. त्यांच्यापैकी अनेकांना चावेझ मनातून आवडत नव्हते, तरीही. चावेझ परत आले. अमेरिकेबद्दल त्यांच्या मनात यानंतर जो संशय बसला त्याला वेड म्हणणं अन्यायाचं आहे.

त्याच वर्षी डिसेंबरात तेल कंपनीत संप झाला. तो दोनेक महिने चालला आणि त्याचा हेतू उघडउघड राजकीय होता. सरकार पाडण्यासाठी देशाचं तेलच बंद पाडायचं, ही विरोधकांची चाल बेजबाबदार होती. पण संप मोडल्यावर चावेझ यांनी जे केलं त्याची किंमत देश अजून मोजतो आहे. जवळपास १८ हजार कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आलं, म्हणजे कंपनीतले निम्म्याच्या आसपास लोक. त्यांत भूगर्भशास्त्रज्ञ होते, विहिरींचे अभियंते होते, आयुष्यभर जड तेलाशी झुंजलेले तंत्रज्ञ होते. त्यातले कित्येक कॅनडात गेले, कित्येक शेजारच्या कोलंबियात. कोलंबियाचं उत्पादन २००५ च्या सुमाराला रोजचं पाच लाख पिंपांच्या आसपास होतं, ते २०१३ पर्यंत दहा लाखांवर गेलं आणि त्यात या व्हेनेझुएलन मंडळींचा वाटा मोठा होता. ज्या देशाच्या अध्यक्षांशी चावेझ यांचं सर्वांत कडाक्याचं भांडण चाललं होतं, त्याच देशाला त्यांनी सर्वांत मौल्यवान निर्यात केली, आणि तीही फुकट.

इथून पुढे कंपनी आणि सरकार यांच्यातली भिंत पडली. राफाएल रामिरेझ हे एकाच वेळी तेलमंत्रीही होते आणि कंपनीचे अध्यक्षही. २००६ मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांसमोर जाहीर सांगितलं की पेदेवेसा नखशिखांत लाल आहे. कंपनी आता तेल काढण्याबरोबर अन्नधान्य आयात करू लागली, घरं बांधू लागली, दवाखाने चालवू लागली. आणि परदेशात मित्र जोडण्याचं कामही तिच्याच गळ्यात पडलं.

या मित्रांपैकी क्यूबाचं प्रकरण वेगळं आहे, तेवढं बाजूला काढतो. ऑक्टोबर २००० मध्ये फिडेल कॅस्ट्रो काराकासला आले आणि रोज ५३ हजार पिंपं तेलाचा करार झाला; पुढे हा आकडा लाखाच्या घरात गेला. मोबदल्यात क्यूबाने डॉक्टर पाठवले. २००३ पासून काराकासच्या डोंगरउतारांवरच्या झोपडपट्ट्यांत त्यांचे दवाखाने सुरू झाले, आणि २० हजारांहून अधिक क्यूबन आरोग्यसेवक देशभर काम करत होते. जिथे व्हेनेझुएलाचा डॉक्टर कधी पायऱ्या चढून आला नव्हता तिथे रात्री दार ठोठावल्यावर उघडणारा डॉक्टर मिळाला. हा सौदा महाग होता की स्वस्त, यावर वाद घालता येईल. पण तो सौदा होता. तेल गेलं आणि काहीतरी आलं. डॉक्टरांबरोबर क्यूबाचे गुप्तहेरही आले आणि ते सत्ता राखायला उपयोगी पडले, हा त्या सौद्याचा दुसरा भाग.

पेट्रोकॅरिबचं तसं नव्हतं. जून २००५ मध्ये पुएर्तो ला क्रूझ इथे कॅरिबियन देशांबरोबर हा करार झाला. त्याच्या अटी वाचल्या की कुणालाही हेवा वाटेल. तेलाचा भाव पन्नास डॉलरच्या वर गेला तर बिलाचा ४० टक्के भाग उधारीवर, शंभरच्या वर गेला तर ५० टक्के, २००८ पासून ६०. फेडायची मुदत २५ वर्षं, व्याज १ टक्का. पैसे नसतील तर मालही चालेल. गयानाने तांदूळ पाठवला, डॉमिनिकन रिपब्लिकने काळा घेवडा.

या योजनेची टवाळी करणाऱ्यांना ही बेटं कशी जगतात याची कल्पना नसते. तिथली वीज डिझेल आणि फर्नेस ऑइल जाळून होते. कोळसा नाही, मोठ्या नद्या नाहीत. तेल दुप्पट झालं की घरातला दिवा, हॉटेलातला वातानुकूलक आणि सरकारचा अर्थसंकल्प सगळंच एकदम कोसळतं. जमैकासारख्या देशाला पेट्रोकॅरिबने खरोखरच तगवलं. शिवाय ही कल्पना चावेझ यांच्या डोक्यातून अचानक निघालेली नव्हती. १९८० साली मेक्सिको आणि व्हेनेझुएलाने मिळून सॅन होसे करार केला होता आणि मध्य अमेरिका-कॅरिबियनला सवलतीत तेल दिलं होतं. त्याआधी सत्तरच्या दशकात अध्यक्ष कार्लोस आंद्रेस पेरेझ यांनीही तेलाच्या पैशावर तिसऱ्या जगाचं पुढारपण मिरवलं होतं. म्हणजे दानशूरपणा ही व्हेनेझुएलाची जुनीच सवय. भाव चढला की प्रत्येक अध्यक्षाला आपण दक्षिण अमेरिकेला स्वातंत्र्य मिळवून देणारे बोलिव्हार आहोत असं वाटू लागतं.

फरक कंपनीच्या तब्येतीत होता. जुन्या करारांच्या वेळी पेदेवेसा धडधाकट होती. २००५ नंतर तिची माणसं गेलेली, विहिरी म्हाताऱ्या होत चाललेल्या आणि नफा सामाजिक योजनांकडे वळवलेला. देशात इंधन जवळजवळ फुकट, आणि त्यात रोजची सहा-सात लाख पिंपं जात. क्यूबाचं तेल डॉक्टरांच्या बदल्यात. पेट्रोकॅरिबचं अर्धं उधार. पुढे चीनचं कर्ज फेडायला आणखी काही लाख. उत्पादन वाढत असतं तर हे खपलं असतं, पण ते घसरत होतं. उधारीचं तेल काढायलाही पंप, पाइप आणि पगार लागतात आणि ते रोख द्यावे लागतात.

मग रोख कोण देत होतं? अमेरिका. या साऱ्या काळात अमेरिकेच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांना व्हेनेझुएलाचं तेल जातच होतं. २००८ पर्यंत रोजची दहा लाखांहून अधिक पिंपं, चावेझ यांच्या अखेरच्या काळातही आठ-नऊ लाख. ओरिनोको खोऱ्यातलं तेल डांबरासारखं जड आणि गंधकाने भरलेलं असतं. ते पचवणारे कारखाने जगात मोजकेच आहेत आणि त्यातले बरेचसे मेक्सिकोच्या आखाताच्या अमेरिकन किनाऱ्यावर, जहाजाने काही दिवसांच्या अंतरावर. चीनला जायला महिन्याहून जास्त लागतो. एवढं ओळखून पेदेवेसाने १९८६ मध्ये अमेरिकेतल्या सिटगो या तेलशुद्धीकरण कंपनीत निम्मा हिस्सा घेतला होता आणि १९९० मध्ये ती पूर्ण विकत घेतली होती. ज्या कुणी हा निर्णय घेतला त्याने एकही भाषण केलं नाही, पण पुढची तीस वर्षं देशाला गिऱ्हाईक बांधून दिलं.

या सिटगोचा उपयोग चावेझ यांनी कशाला केला? २००५ च्या हिवाळ्यापासून ब्राँक्स आणि बोस्टनमधल्या गरीब कुटुंबांना घर उबदार ठेवायचं तेल सवलतीत वाटायला. बुशच्या अंगणात जाऊन बुशला लाजवायचं, ही त्यातली खुमारी मलाही कळते. २००७ मध्ये लंडनचे महापौर केन लिव्हिंगस्टन यांच्याशी करार झाला. काराकासने लंडनच्या बसगाड्यांच्या डिझेलवर सवलत द्यायची आणि त्यातून तिथल्या गरिबांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळायचा. पुढच्या वर्षी लंडनमध्ये महापौर बदलला. नवे महापौर बोरिस जॉन्सन यांनी करार गुंडाळला. एक साधं लोकल निवडणुकीचं वारं फिरलं आणि मैत्री संपली. अर्जेंटिनाचे कित्येक अब्ज डॉलरचे रोखे व्हेनेझुएलाने अशाच दोस्तीखात्यात घेतले. ऑगस्ट २००७ मध्ये ब्युनोस आयर्सच्या विमानतळावर काराकासहून आलेल्या विमानातल्या एका प्रवाशाच्या बॅगेत जवळपास आठ लाख डॉलर रोख सापडले. आपल्याकडच्या वाचकाला अशा बॅगेचं फार स्पष्टीकरण द्यावं लागू नये.

या खर्चातून मतं मिळतात का, याची चाचणी २००६ मध्येच झाली. सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर चावेझ यांनी आदल्या दिवशी तिथे बोलून गेलेल्या बुश यांना सैतान म्हटलं, अजून गंधकाचा वास येतोय म्हणाले. सभागृहात हशा पिकला, टाळ्या पडल्या. पुढच्याच महिन्यात सुरक्षा परिषदेतल्या लॅटिन अमेरिकेच्या जागेसाठी गुप्त मतदान झालं. समोर ग्वाटेमाला. पहिल्या फेरीत ग्वाटेमाला १०९, व्हेनेझुएला ७६. दोन तृतीयांश कुणालाच मिळेनात म्हणून फेऱ्यामागून फेऱ्या झाल्या, ४७ झाल्या, शेवटी दोघांनीही माघार घेतली आणि जागा पनामाला गेली. ग्वाटेमालामागे अमेरिका होती हे उघड आहे. पण ज्या सभागृहाने टाळ्या दिल्या त्याच सभागृहातल्या अनेकांनी कागदावर वेगळं नाव लिहिलं. कुणाशीच भांडण नको असलेल्या छोट्या देशाला आपल्या प्रतिनिधीच्या जागेवर भांडकुदळ माणूस नको असतो, तो कितीही खरं बोलत असला तरी.

चावेझ यांची एक कामगिरी त्यांच्या बाजूने नेहमी सांगितली जाते. नोव्हेंबर २००५ मध्ये अर्जेंटिनातल्या मार देल प्लाताला अमेरिका खंडाचा मुक्त व्यापार करार गाडला गेला. चावेझ फुटबॉलच्या मैदानात हजारोंच्या सभेत मॅराडोनाच्या शेजारी उभे राहून त्या कराराची खिल्ली उडवत होते. पण बंद दाराआड तो करार अडला तो ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्यामुळे. त्यांच्या बाजारपेठांशिवाय त्या कराराला अर्थ नव्हता, आणि ब्राझीलचे अध्यक्ष लुला यांनी आवाज न चढवता नकार दिला. अमेरिकन शेतकऱ्यांचं अनुदान कमी होत नाही तर आम्हीही सही करत नाही, एवढा साधा मुद्दा. लुला यांचं नंतर बुश यांच्याशी इथेनॉलवर सहकार्यही झालं. लुला आणि चावेझ दोघेही डावे, दोघेही गरिबांतून वर आलेले. पण ब्राझीलचं परराष्ट्र खातं ही एक जुनी, मुरलेली संस्था आहे आणि लुला तिच्यामार्फत बोलत. चावेझ थेट दूरदर्शनवरून बोलत.

दर रविवारी तासन्‌तास चालणारा त्यांचा कार्यक्रम हेच अनेकदा परराष्ट्र खातं असे. मार्च २००८ मध्ये कोलंबियाने इक्वेडोरच्या हद्दीत बॉम्ब टाकून फार्क या कोलंबियन गनिमी संघटनेचा एक बडा नेता राऊल रेयेस याला मारलं. चावेझ यांनी थेट प्रक्षेपणात संरक्षणमंत्र्यांना फर्मान सोडलं, सीमेवर दहा बटालियन पाठवा. आठवडा उलटायच्या आत सांतो डोमिंगोच्या शिखर परिषदेत सगळ्यांनी हस्तांदोलन केलं. पण भांडण धुमसत राहिलं, २००९ मध्ये त्यांनी कोलंबियाशी व्यापार गोठवला, आणि कोलंबियाची व्हेनेझुएलाला होणारी निर्यात दोन वर्षांत ६ अब्ज डॉलरवरून दीड अब्जाच्या आत आली. कोलंबियाने इतर गिऱ्हाइकं शोधली. व्हेनेझुएलाने तेच मांस आणि दूध लांबून, महाग आणलं. २०१० मध्ये त्याच व्हेनेझुएलाच्या पुएर्तो काबेयो बंदरात सरकारी आयातीचे कंटेनर कुजत पडलेले सापडले. अमेरिकेला शिव्या देण्यात पैसे जात नव्हते, कारण अमेरिकन कारखाने शिव्या ऐकून तेल घेणं थांबवत नाहीत. शेजाऱ्याशी भांडण मात्र थेट भाजीबाजारात उतरतं.

मित्रांच्या या गोतावळ्यात एक देश होता ज्याने कधी आरडाओरडा केला नाही. चीनने २००७ पासून दशकभरात ५० अब्ज डॉलरहून अधिक कर्ज दिलं आणि वसुली तेलातून लावून घेतली. भाव चढलेला असताना हे कर्ज हलकं वाटलं. २०१४ मध्ये भाव कोसळला तेव्हा तेवढेच डॉलर फेडायला दुपटीने पिंपं लागू लागली. भारताचा व्यवहार याहून सरळ होता. मार्च २००५ मध्ये चावेझ भारतात आले तेव्हा कोलकात्यात डाव्या आघाडीने त्यांचं मोठं स्वागत केलं. पण संबंध टिकवले ते जामनगरने. रिलायन्सचा तिथला कारखाना जड तेल पचवू शकतो, आणि २०१२ मध्ये कंपनीने रोजच्या तीन ते चार लाख पिंपांचा १५ वर्षांचा करार केला. आपल्या सरकारी ओएनजीसी विदेशने मात्र २००८ मध्ये तिथल्या सान क्रिस्टोबल तेलक्षेत्रात ४० टक्के हिस्सा घेतला आणि तिचा लाभांश वर्षानुवर्षं पेदेवेसाकडे अडकून पडला. म्हणजे ज्याने तेल विकत घेतलं त्याचं भलं झालं, भागीदारी केली तो अडकला. त्यात आपल्या करदात्याचा पैसाही आला.

चावेझ ५ मार्च २०१३ ला गेले. हिशेब मिटवायची वेळ त्यांचे उत्तराधिकारी निकोलस मादुरो यांच्यावर आली. २०१५ मध्ये काराकासला रोख पैशांची इतकी निकड होती की येणं असलेली कर्जं मातीमोल भावात सोडवून देण्यात आली. डॉमिनिकन रिपब्लिकने सुमारे ४ अब्ज डॉलरचं देणं १.९ अब्जात मिटवलं. जमैकाने ३ अब्जांचं १.५ अब्जात. पंचवीस वर्षांची उधारी दहा वर्षांत, अर्ध्या किमतीला.

आणि राजकीय पाठिंबा? जून २०१७ मध्ये कानकूनला अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेत मादुरो सरकारविरुद्धचा ठराव आला. मंजुरीला २३ मतं हवी होती, २० पडली. डॉमिनिकन रिपब्लिक आणि हैती तटस्थ राहिले. तेलाची मैत्री तेवढी पुरली, हे मान्य करायला हवं. कर्ज मिटल्यावरही डॉमिनिकन रिपब्लिकने लगेच पाठ फिरवली नाही. पण जानेवारी २०१९ मध्ये मादुरो यांचा नवा कार्यकाळ बेकायदा ठरवणारा ठराव आला तेव्हा बाजूने पडलेल्या १९ मतांत डॉमिनिकन रिपब्लिक, हैती, जमैका आणि गयाना अशी चारही नावं होती. तेलाने चावेझ यांना मुदत विकत मिळाली, मित्र मिळाले नाहीत. तेल येत होतं तोवर आणि त्यानंतर थोडा काळ, एवढीच मुदत.

हैतीची कहाणी तर आणखी विचित्र. १८१५-१६ मध्ये हैतीचे अध्यक्ष पेत्यों यांनी परागंदा बोलिव्हार यांना आसरा, शस्त्रं आणि माणसं दिली होती, आणि त्या ऋणाची आठवण चावेझ मनापासून ठेवत. पेट्रोकॅरिबच्या उधारीतून हैती सरकारच्या हातात सुमारे २ अब्ज डॉलर आले. ते जनतेपर्यंत पोचले नाहीत. २०१८ मध्ये पोर्तोप्रिन्सच्या रस्त्यांवर तरुण एकच प्रश्न विचारत उतरले, पेट्रोकॅरिबचा पैसा कुठे गेला? सरकारला दिलेली मदत लोकांना पोचतेच असं नाही, हे चावेझ यांना कळायला हवं होतं. स्वतःच्या देशातल्या तेलाच्या पैशाबद्दल ते १९९८ च्या प्रचारात नेमकं हेच तर बोलत होते.

यावर आक्षेप येतो की व्हेनेझुएलाचा गळा अमेरिकेच्या निर्बंधांनी आवळला. निर्बंधांनी सामान्य माणसाचे हाल वाढवले, यात मला शंका नाही. ऑगस्ट २०१७ च्या आर्थिक निर्बंधांनी कर्जाची दारं बंद केली आणि जानेवारी २०१९ मध्ये पेदेवेसावरच निर्बंध आले तेव्हा रोख देणारं मुख्य गिऱ्हाईक एका फटक्यात गेलं. पण १९९८ मध्ये रोजची तीस लाखांहून अधिक पिंपं काढणारी कंपनी २०१७ च्या आधीच लाखा-लाखाने खाली येत होती, आणि टंचाईच्या रांगाही तेव्हाच लागल्या होत्या. अमेरिका उद्या दुखावेल हे गृहीत धरूनच ज्याने धोरण आखायचं, त्याने आपलं सगळं रोखीचं गिऱ्हाईक त्याच अमेरिकेत ठेवावं आणि बाकीच्यांना उधार द्यावं, याला साम्राज्यवादविरोध कसं म्हणायचं ते मला उमगत नाही.

आता सिटगोकडे. चावेझ यांच्या राजवटीने राष्ट्रीयीकरणाचा सपाटा लावला तेव्हा लास क्रिस्तिनास इथल्या सोन्याच्या खाणीचा क्रिस्टालेक्स या कॅनेडियन कंपनीचा करारही रद्द झाला. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने त्या कंपनीला १.२ अब्ज डॉलर आणि व्याज मंजूर केलं. निकाल होता व्हेनेझुएला सरकारविरुद्ध. पेदेवेसा कायद्याने स्वतंत्र कंपनी होती आणि सिटगो तिची मालमत्ता. सरकारच्या कर्जासाठी कंपनीला हात लावता येत नाही, हा नेहमीचा नियम. पण ऑगस्ट २०१८ मध्ये डेलावेअरच्या केंद्रीय न्यायालयाने सांगितलं की हे सरकार कंपनीवर इतका पूर्ण ताबा ठेवून आहे आणि तिची मालमत्ता आपलीच असल्यासारखी वापरतं आहे, की दोघांत फरक करण्यात अर्थ नाही. वरच्या न्यायालयाने २०१९ मध्ये हेच कायम केलं. त्यामुळे सिटगोच्या पालक कंपनीचे शेअर विकून घेणेकऱ्यांची देणी भागवायचा मार्ग मोकळा झाला, आणि पाहता पाहता घेणेकऱ्यांची रांग लागली. मित्रांकडून येणं होतं ते अर्ध्यात सोडून दिलं होतं. परक्यांचं देणं न्यायालयामार्फत व्याजासकट वसुलीला लागलं.